आई-बाबा सतरा वर्षांचे असताना तुम्ही तिथे असता तर? ‘बॅक टू द फ्युचर’ समजून घेताना

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी गप्पा तशाच ठेवल्या आहेत.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आज आपण टाइम ट्रॅव्हलवर बोलणार आहोत. पण ब्लॅक होल, पाचवी मिती वगैरे डोकं गरगरवणारं नाही. आजचा सिनेमा आहे ‘बॅक टू द फ्युचर’. ३ जुलै १९८५ला अमेरिकेत आला आणि त्या वर्षी जगात सगळ्यात जास्त कमाई करणारा पिक्चर ठरला. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, लेखक झेमेकिस आणि बॉब गेल.

आधीच सांगतो, शेवट सांगितल्याशिवाय या सिनेमाबद्दल बोलता येत नाही. पाहिला नसेल तर आधी पाहून या, हा भाग कुठे पळून जात नाही.

गोष्ट थोडक्यात

मार्टी मॅकफ्लाय, वय सतरा. गिटार वाजवतो, स्केटबोर्ड चालवतो, शाळेत उशिरा पोचतो. बाबा जॉर्ज इतके दबलेले, की शाळेत त्यांना छळणारा बिफ आता ऑफिसात वरिष्ठ होऊन छळतोय. आई लोरेन थकलेली, दारूकडे झुकलेली. मार्टीचा दोस्त म्हणजे विक्षिप्त शास्त्रज्ञ डॉक ब्राउन. डॉकने डेलोरियन गाडीचं टाइम मशीन केलंय. एका गडबडीत मार्टी त्या गाडीतून थेट ५ नोव्हेंबर १९५५ला जाऊन पोचतो.

आणि तिथे घोळ होतो. ज्या अपघातामुळे त्याचे आई-बाबा भेटणार होते, त्यात जॉर्जला बाजूला ढकलून मार्टी स्वतःच गाडीखाली येतो. जखमी पोराची काळजी घेता घेता लोरेन प्रेमात पडायची होती. ती पडतेच, पण जॉर्जच्या नाही, मार्टीच्या! म्हणजे स्वतःच्या होणाऱ्या मुलाच्या.

आता मार्टीपुढे दोन कामं. आई-बाबांचं जुळवायचं, नाहीतर तो जन्मालाच येणार नाही. आणि परत जायचं. पण गाडीला लागतं प्लुटोनियम, ते १९५५मध्ये आणणार कुठून? एक मार्ग सापडतो. १२ नोव्हेंबरच्या रात्री १० वाजून ४ मिनिटांनी गावातल्या घड्याळाच्या इमारतीवर वीज पडणार आहे, हे मार्टीला माहीत असतं, कारण १९८५मध्ये त्याच्या हातात तसं पत्रक पडलेलं असतं. म्हणजे ऊर्जा मिळणार, पण एकदाच, ठरल्या सेकंदाला.

१.२१ गिगावॅट म्हणजे किती?

डॉक ओरडतो तो आकडा आठवतोय? १.२१ गिगावॅट. सिनेमात उच्चार ‘जिगावॅट’ असा आहे, तो सोडून द्या. एक गिगावॅट म्हणजे शंभर कोटी वॅट. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या चार अणुभट्ट्यांची मिळून क्षमता १,४०० मेगावॅट, म्हणजे १.४ गिगावॅट. डॉकच्या गाडीला जवळजवळ अख्खं तारापूर लागतं म्हणा ना.

पण इथे गंमत आहे. वॅट म्हणजे वीज किती वेगाने वापरली जातेय, आणि युनिट म्हणजे एकूण किती वापरली. हा फरक लाइट बिलात रोज आपल्या समोर असतो, तरी गोंधळ होतो. १.२१ गिगावॅट एकच सेकंद वापरलं तर होतात साधारण ३३६ युनिट. फक्त! पंखे, फ्रीज, टीव्ही असलेल्या मध्यमवर्गी घराचं महिना-दोन महिन्यांचं बिल. आणि आभाळातून पडणाऱ्या एका विजेत ढोबळमानाने शंभर कोटी ज्यूल ऊर्जा धरतात, म्हणजे सुमारे २८० युनिट. त्यातली बरीचशी हवा तापवण्यात, प्रकाशात आणि गडगडाटात जाते, हे खरं. तरी आकडा एकाच गल्लीतला आहे. म्हणजे डॉकचं गणित दिसतं तितकं फेकू नाही.

गाडीचा वेग मात्र निव्वळ पडद्यासाठी. ताशी ८८ मैल म्हणजे साधारण १४२ किलोमीटर. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर मर्यादा मोडणारी गाडीही तिथे पोचेल, पण १९५५मध्ये पोचणार नाही, चलान येईल.

मग टाइम ट्रॅव्हल खोटंच का?

पुढे जाणं खोटं नाही! आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार वेगात जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात सहा महिने राहून आलेला अंतराळवीर आपल्यापेक्षा सुमारे पाच मिलिसेकंद कमी म्हातारा होतो. म्हणजे तेवढा तो भविष्यात आला. थोडंच, पण खरं.

तुमच्या हातातल्या फोनलाही हे माहीत असतं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे ती थोडी मागे पडतात, पण वर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे त्याहून जास्त पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास चूक साचत जाईल. डिलिव्हरीवाला तुमची बिर्याणी घेऊन भलत्याच गावात.

मागे जाण्याचा मात्र कुठलाही सिद्ध मार्ग नाही. आणि एक अडचण सिनेमावाले सहसा विसरतात: पृथ्वी थांबलेली नसते. सूर्याभोवती ती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. डॉक आपल्या आइन्स्टाइन नावाच्या कुत्र्याला एकच मिनिट पुढे पाठवतो. त्या मिनिटात पृथ्वी १,८०० किलोमीटर सरकलेली असणार! कुत्रा पार्किंगमध्ये परत आला, हा सिनेमातला सगळ्यात मोठा चमत्कार.

काळाचे नियम: तीन प्रकार

टाइम ट्रॅव्हलचा कुठलाही सिनेमा बघताना एकच प्रश्न विचारायचा: इथे भूतकाळ बदलता येतो का?

पहिला प्रकार: बदलत नाही. तुम्ही मागे जाऊन जे करता, ते आधीच घडून गेलेलं असतं. ‘हॅरी पॉटर’च्या तिसऱ्या भागातली हर्माइनीची वेळ फिरवणारी माळ आठवा.

दुसरा प्रकार: मागे गेलात की नवी फांदी फुटते, जुना काळ आपल्या जागी तसाच राहतो. ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ हा नियम मानतो. त्यात तर ‘बॅक टू द फ्युचर’चं नाव घेऊन थट्टा केलीय, की बाबांनो, काळ असा चालत नाही.

तिसरा प्रकार: काळ एकच, पण खोडून पुन्हा लिहिता येतो. हा मार्टीचा. याचा सगळ्यात सुंदर छोटा पुरावा पार्किंगच्या पाटीवर आहे. सुरुवातीला मॉलचं नाव ‘ट्विन पाइन्स’, म्हणजे पाइनची जोडी. मार्टी १९५५मध्ये एका शेतकऱ्याचं एक झाड गाडीखाली आडवं करतो. परत येतो तेव्हा पाटीवर ‘लोन पाइन’. कुणी एक शब्द बोलत नाही. बघणाऱ्याने बघावं.

याच नियमाने मार्टीच्या खिशातला भावंडांचा फोटो पुसट होत जातो. आधी थोरला भाऊ, मग बहीण, मग तो स्वतः. तर्काने बघितलं तर हे टिकत नाही. आई-बाबा जुळणार नसतील तर तिघं एका क्षणात गेली पाहिजेत, हप्त्याहप्त्याने का? पण पडद्यावर तो फोटो म्हणजे घड्याळ आहे. किती वेळ उरलाय, हे सांगायला एक संवादही लागत नाही. तर्क थोडा वाकवला आणि धाकधूक कमावली. मला हा सौदा मान्य आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. शाळेच्या डान्समध्ये मार्टी चक बेरीचं ‘जॉनी बी. गूड’ वाजवतो आणि बँडमधला मार्विन बेरी फोन करून आपल्या भावाला, म्हणजे चकला, ते ऐकवतो. खरं गाणं १९५८चं. विनोद म्हणून मस्त आहे, पण एका कृष्णवर्णीय कलाकाराने घडवलेलं संगीत त्याला एका गोऱ्या पोराकडून मिळालं, असा त्याचा अर्थ निघतो. हसून झाल्यावर तेवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

कल्पना आली कुठून?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. बॉब गेल आपल्या आई-वडिलांच्या घरी गेला असताना त्याला वडिलांचं शाळेचं वार्षिक सापडलं. त्यात कळलं, की वडील वर्गाचे अध्यक्ष होते. गेलला आपल्या शाळेतला वर्गाध्यक्ष आठवला, ज्याच्याशी त्याचं काडीचं देणंघेणं नव्हतं. आणि प्रश्न पडला: मी बाबांच्या वर्गात असतो, तर आमची मैत्री झाली असती का?

या एका प्रश्नातून सिनेमा निघाला. प्लुटोनियम, वीज, गाडी हे सगळं नंतर. सुरुवातीच्या मसुद्यात तर टाइम मशीन गाडी नव्हतं, फ्रीज होता! मुलं बघून फ्रीजमध्ये शिरतील या भीतीने तो बदलला.

संहिता चाळीसहून अधिक वेळा नाकारली गेली. काहींना ती फारच सोज्वळ वाटली, तर डिस्नेला आई मुलाच्या प्रेमात पडते हे जास्तच झालं. शूटिंग सुरू झालं ते एरिक स्टोल्ट्झला घेऊन. कित्येक आठवड्यांनी लक्षात आलं, की अभिनय चांगला आहे पण विनोद उतरत नाही. मग मायकल जे. फॉक्स आला. तो दिवसा टीव्ही मालिका करायचा आणि रात्री हा सिनेमा. बघा, पडद्यावर आई झालेली ली थॉम्पसन फॉक्सपेक्षा फक्त नऊ दिवसांनी मोठी, आणि बाबा झालेला क्रिस्पिन ग्लोव्हर त्याच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान!

शेवट गोड आहे का?

आता मुद्द्यावर येतो. १९५५मध्ये जॉर्ज पहिल्यांदा मूठ आवळतो आणि बिफला लोळवतो. मार्टी परत येतो तर घर पालटलेलं. बाबा लेखक, आई टवटवीत, दारात नवी गाडी, बिफ त्यांची गाडी पुसतोय. टाळ्या!

पण थांबा. मार्टीला वाढवलं ते दबलेल्या बाबांनी आणि थकलेल्या आईने. ती दोघं आता कुठेच नाहीत. समोरची माणसं ज्या मार्टीला ओळखतात, त्याचे सतरा वाढदिवस, सतरा वर्षांची भांडणं आपल्या मार्टीला आठवतच नाहीत. तो स्वतःच्या घरात पाहुणा आहे. शिवाय आई-बाबा ‘सुधारले’ हे सिनेमा दाखवतो कशावरून? गाडी, सोफा, कपडे. खुद्द क्रिस्पिन ग्लोव्हरनेही नंतर मुलाखतींत हाच आक्षेप घेतलाय, की सुखाचं बक्षीस पैसाच का?

तरीही मला सिनेमा आवडतो, कारण मधल्या दीड तासात तो एक काम फार नीट करतो. मार्टीला वाटत असतं की बाबा जन्मतःच भित्रे आणि आई जन्मतःच सोवळी. १९५५मध्ये दिसतं, की आई त्याच्याहून धीट आहे. आणि बाबा लपूनछपून विज्ञानकथा लिहितात, पण कुणाला दाखवत नाहीत, कारण कुणी नाही म्हटलं तर? गंमत म्हणजे मार्टीही आपल्या गाण्याची टेप याच भीतीने पाठवत नसतो. तेच वाक्य, तीच भीती. बाबांना बदलायला गेलेल्या पोराला बाबांमध्ये स्वतःच दिसतो.

आपल्याकडे २०१०मध्ये ‘ॲक्शन रिप्ले’ या हिंदी सिनेमात मुलगा आई-बाबांचं जुळवायला सत्तरच्या दशकात जातो. आणि भूतकाळ वेगळा असता तर काय, हा खेळ मराठीत जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत खेळलाय. तिथे प्रश्न लढाईच्या निकालाचा आहे, इथे एका डान्सचा. पण सूत्र तेच: एका क्षणावर पुढचं सगळं टांगलेलं.

तर या आठवड्याचं काम. डेलोरियन नको, २८० युनिटही नकोत. आज रात्री जेवताना आईला किंवा बाबांना विचारा: सतरा वर्षांचे असताना तुम्ही असं काय केलंत, जे कुणाला दाखवलं नाहीत? कविता, चित्रं, अर्धवट सोडलेला तबला, काहीही. आधी ‘काही नाही रे’ म्हणतील. जरा थांबा. मग जे उत्तर येईल, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. त्यांची परवानगी घेऊन, बरं का!

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ताशी १४२च्या खाली राहा.