श्वासाच्या वाटेवरची गाळणी

चिखली आणि खामगाव यांना जोडणाऱ्या रस्त्यावर अमडापूर वसले आहे. भोवताली काळी कसदार जमीन. तीत सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतोशेती मळणीयंत्रे सुरू झाली की कुटाराची बारीक धूळ रस्त्यावर उतरते. उन्हाळ्यात नांगरून पडलेल्या रानावरून वारा सुटतो आणि समोरच्या ट्रॅक्टरमागे मातीचा पडदा उभा राहतो. अशा वेळी मोटारीच्या काचा वर केल्या आणि वातानुकूलन चालू केले की आपण धुळीतून सुटलो, असे आतल्या माणसांना वाटते. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत हा समज खरा नसतो.

मोटारीत हवा शिरते ती समोरच्या काचेच्या पायथ्याशी, बोनेटच्या मागच्या कडेला असलेल्या जाळीतून. तेथून ब्लोअरचा पंखा ती ओढतो, कूलिंग कॉइलवरून नेतो आणि डॅशबोर्डच्या झरोक्यांतून थेट बसलेल्यांच्या चेहऱ्यावर सोडतो. या वाटेत गाळणी असेल तर धूळ तेथे अडते. ती नसेल तर काचा बंद असूनही रस्त्यावरची हवा जशीच्या तशी आत येते. या गाळणीलाच केबिन फिल्टर किंवा बोलण्यात एसी फिल्टर म्हणतात. इंजिनाला लागणारी हवा गाळणारा एअर फिल्टर वेगळा. तो इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांत असतो. मात्र तो इंजिनाचे रक्षण करतो, माणसांचे नव्हे.

बाहेरची हवा गाळून आणि ऊन करून मोटारीत सोडण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये आपल्या गाड्यांत तशी योजना केली होती. तरीही सामान्य माणसाच्या मोटारीपर्यंत ही सोय पोहोचायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीय घराच्या दारात मोटार उभी राहू लागली. त्या पिढीतील छोट्या गाडीत वातानुकूलन हीच चैन होती. गाळणीचा विचार कोण करणार? पुढे वातानुकूलन सार्वत्रिक झाले, पण किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी अनेक स्वस्त गाड्यांतून केबिन फिल्टर वगळला गेला. अशा गाड्या आजही गावोगाव धावत आहेत. जुनी गाडी विकत घेणाऱ्या कुटुंबाला तर हा प्रश्न हमखास भेटतो.

धूळ सगळी सारखी नसते. डोळ्याला दिसणारी धूळ पुष्कळशी नाकात आणि घशात अडते. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर हे कण त्याच्या विसाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही बारीक ठरतात. ते फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. डिझेलच्या धुरात आणि शेतातील काडीकचरा जाळल्यावर उठणाऱ्या धुरात ते विपुल असतात. हवेतील अशा कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले. भारताच्या २००९ च्या मानकांत ही मर्यादा ४० आहे. ज्या घरात दम्याचे बालक आहे, हृदयविकाराचे वडीलधारे आहेत किंवा गरोदर सून आहे, तेथे हे आकडे कागदावरचे राहत नाहीत. ट्रकच्या मागे अडकलेल्या बंद गाडीत तो धूर त्यांच्याच श्वासात जात असतो.

दिलासा असा की गाळणी नसलेल्या कित्येक गाड्यांत तिची जागा मात्र तयार असते. एकच गाडी निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या किमतींना विकायची असल्याने वातानुकूलनाची प्लॅस्टिकची पेटी बहुधा एकाच साच्यातून निघते. महाग प्रकारात त्या खाचेत फिल्टर बसतो, स्वस्त प्रकारात ती खाच रिकामी राहते. चालकाशेजारच्या आसनासमोरील खण, म्हणजे ग्लोव्हबॉक्स, उतरवला की मागे ब्लोअरची पेटी दिसते. ब्लोअर आणि कूलिंग कॉइल यांच्या दरम्यान एखादे लांबट चौकोनी झाकण आढळल्यास काम सोपे: झाकण काढावे, त्याच गाडीच्या वरच्या प्रकारासाठी मिळणारा फिल्टर आत सरकवावा आणि झाकण लावावे. विसाएक मिनिटांचे हे काम आहे.

काही गाड्यांत झाकणाऐवजी पेटीवर केवळ चौकोनी उठावाची रेघ असते. आतली जागा मोकळी, पण तोंड बंद. तेव्हा त्या रेघेवरून प्लॅस्टिक कापून तोंड उघडावे लागते आणि वरच्या प्रकाराचे झाकण वेगळे आणून बसवावे लागते. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घेणे शहाणपणाचे. त्याची कारणे तीन. पाते खोल गेले तर कूलिंग कॉइलच्या नाजूक पापुद्र्यांना इजा होते आणि गॅस गळू लागला की शेकड्यांतले काम हजारांत जाते. दुसरे, त्या भागातून तारा गेलेल्या असतात. अलीकडच्या गाड्यांत तेथे एअरबॅग असते आणि तिच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावणे धोक्याचे, म्हणून आधी बॅटरीची तार सोडून काही मिनिटे थांबावे. तिसरे, कापताना पडलेला प्लॅस्टिकचा कीस आत राहिला तर तो पंख्यात अडकून खडखडतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर असा बदल करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारून घ्यावे.

फिल्टर बसवताना त्याच्या कडेवरील बाण पाहावा. हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेला तो असला पाहिजे. फिल्टर खाचेत घट्ट बसावा. कडेला फट राहिली तर हवा सोपी वाट धरते आणि न गाळताच पुढे जाते. तेथे स्पंजची पातळ पट्टी लावावी. पिण्याचे पाणी गाळून घेणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको, की गाळण्याचे कापड भांड्याच्या तोंडावर नीट ताणलेले नसेल तर गाळण्याला अर्थ राहत नाही.

मात्र पाणी गाळण्याचे कापड येथे चालत नाही. फिल्टर मिळाला नाही म्हणून जुन्या सुती कापडाची घडी किंवा जाड स्पंज खाचेत कोंबण्याची युक्ती अनेक जण करतात. त्यामुळे वाऱ्याचा प्रवाह मंदावतो, कूलिंग कॉइलवर बर्फ साचू शकतो आणि बारीक कण तर तरीही पार होतात. चांगल्या फिल्टरचा कागद घड्या घालून बनवलेला असतो, म्हणजे लहान जागेत पृष्ठभाग मोठा मिळतो. शिवाय त्याच्या तंतूंवर बहुधा स्थिर विद्युतभार असतो. छिद्रांपेक्षा लहान कणांनाही तो खेचून धरतो. म्हणूनच असा फिल्टर पाण्याने धुऊ नये. धुतल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण त्याचा भार गेलेला असतो.

काही गाड्यांत खाचच नसते. त्यांच्या बाबतीत पेटी फोडण्याचा हट्ट धरू नये. काचेच्या पायथ्याशी जेथून हवा आत शिरते तेथे बारीक तारेची जाळी आतून बसवावी. ती सूक्ष्म धूळ अडवत नाही. परंतु कडुनिंबाची पाने, किडे आणि ब्लोअरमध्ये घरटे करणारे उंदीर यांना बाहेर ठेवते. कॉइलवर पाने कुजली नाहीत तर पावसाळ्यात येणारा कुबट वासही कमी होतो. आतली हवा गाळण्यासाठी गाडीच्या बारा व्होल्टच्या जोडणीवर चालणारी, हेपा फिल्टर असलेली छोटी यंत्रे मिळतात.

गाळणीच्या मर्यादा ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. साधा फिल्टर कण अडवतो, वायू नव्हे. सक्रिय कोळशाचा थर असलेला फिल्टर धुराचा वास आणि काही वायू शोषतो. पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कोणत्याही प्रचलित केबिन फिल्टरने अडत नाही. गाडीत एक्झॉस्टचा वास येत असेल तर फिल्टर न बदलता सायलेन्सरची गळती दुरुस्त करावी. तसेच आतली हवा आतच फिरवणारे बटण दाबून तासन्‌तास प्रवास करू नये. पाच माणसांच्या श्वासाने बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालकाला सुस्ती येते. धुळीच्या किंवा धुराच्या पट्ट्यात तेवढ्यापुरते ते बटण दाबावे आणि पुढे मोकळा रस्ता लागताच बाहेरची हवा घ्यावी. गाळणी बसवल्याचा मोठा लाभ हाच, की बाहेरची हवा निर्धास्तपणे घेता येते.

फिल्टर वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर बदलण्याचा प्रघात आहे. अमडापूरसारख्या शेतीच्या भागात तो सोयाबीनची मळणी आटोपल्यावर एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा काढून पाहावा. पंखा पूर्ण वेगात असूनही वारा कमी येत असेल तर तो तुंबला आहे असे समजावे.

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी चिखली, मेहकर, मालेगाव या वाटेने निघालेल्या गाडीत मागच्या आसनावर आजी असते आणि तिच्या मांडीवर नातवंड. गाडीची चकाकी, गाणी लावण्याचे यंत्र, आसनांची आवरणे यांवर घराघरांतून हौसेने खर्च होतो. त्या खर्चाच्या तुलनेत फिल्टरची किंमत अल्प आहे. पुढच्या वेळी गाडी तेलपाण्यासाठी मेकॅनिककडे जाईल तेव्हा समोरचा खण उतरवून मागची खाच रिकामी आहे का, एवढे पाहून घ्यायला त्याला जरूर सांगावे.