बूमच्या टोकाला माइक कशात टांगायचा?

सिनेमाच्या चित्रीकरणाला जायचा योग आला तर साउंड रेकॉर्डिस्टचे हेडफोन दोन मिनिटं मागून घ्यावेत. नट अजून बोलायचे असतात, बूम हवेत स्थिर असतो, आणि तो धरणारा माणूस फक्त बोटांची पकड बदलतो. कानात ‘धब्’ असा जाड, बसका आवाज येतो. कार्बन फायबरचा तो लांब दांडा पोकळ, हलका आणि ताठ असतो. म्हणूनच तो तासभर डोक्यावर धरता येतो आणि म्हणूनच एका टोकाला बोट हललं की ती हालचाल इमानेइतबारे दुसऱ्या टोकाला पोचते. तिथे टांगलेल्या माइकला हवेतून आलेला आवाज आणि दांड्यातून आलेला हादरा यांतला फरक कळत नाही. त्याचा पडदा हलला की विद्युत संदेश निघतो, मग पडदा कशाने का हलेना.

हा हादरा वाटेत अडवण्याचं काम शॉक माउंटचं. भाड्याच्या यादीत त्याचं नाव शेवटी कुठेतरी असतं, बहुतेक वेळा नसतंच, कारण ते माइकसोबत ‘येतंच’ असं गृहीत धरलेलं असतं. मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या लांबट, साध्या गन माइकच्या बाबतीत हे बरंचसं खपून जातं. स्टिरिओ माइक बूमवर चढवला की मात्र खपत नाही, आणि का खपत नाही हे कळण्यासाठी आधी माउंट मुळात करतं काय ते पाहायला हवं.

घरी एक रबरबँड आणि छोटं कुलूप घ्या. रबरबँडला कुलूप टांगून हात सावकाश वरखाली करा. कुलूप हाताबरोबर वरखाली होईल. वेग थोडा वाढवा. एका ठरावीक वेगाला कुलूप उसळ्या मारू लागेल, हातापेक्षाही जास्त. आता हात भराभर थरथरवा. कुलूप जवळपास जागच्या जागी उभं राहील. शॉक माउंटचं सगळं शास्त्र या तीन पायऱ्यांत आहे. मधल्या पायरीवरच्या वेगाला त्या जोडीची स्वाभाविक कंप्रता म्हणतात. तिच्या खाली माउंटचा उपयोग शून्य. तिच्या आसपास माउंट असण्यापेक्षा नसलेलं बरं. तिच्या साधारण दीडपट वर गेल्यावरच खरा बचाव सुरू होतो.

आणि ही कंप्रता एकट्या माउंटची नसते, माउंट आणि माइक यांची मिळून असते. लवचीक टांगणीवर माइक ठेवल्यावर तो किती मिलिमीटर खाली बसतो, त्यावरून ती काढता येते. एक मिलिमीटर बसला तर सुमारे 16 हर्ट्झ, चार मिलिमीटर बसला तर 8. समजा, एखादी टांगणी सेनहायझरच्या 416 या गन माइकसाठी बेतलेली आहे. त्याचं वजन सुमारे 165 ग्रॅम. तो अडीच मिलिमीटर बसला तर कंप्रता 10 हर्ट्झच्या आसपास येते, आणि दांड्यातली 40 हर्ट्झची धडधड माइकपर्यंत पंधरावा हिस्साच पोचते. आता तोच माइक जवळपास तिप्पट वजनाच्या माइकसाठी केलेल्या ताठ टांगणीत बसवा. कंप्रता 17 हर्ट्झवर जाते आणि तीच धडधड साडेचारांपैकी एक हिस्सा शिल्लक राहते. रबरातलं घर्षण सोडून केलेला हा कागदावरचा हिशोब आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. महागडी, भक्कम दिसणारी टांगणी हलक्या माइकला कमी कामाची ठरते.

उलट बाजूही आहे. ऑस्ट्रेलियातल्या रोड कंपनीचा एनटी4 हा स्टिरिओ माइक 480 ग्रॅमचा. आत नऊ व्होल्टची बॅटरी बसते, पुढे नव्वद अंशांच्या कोनात बसवलेल्या दोन कॅप्स्यूलचं, म्हणजे पडदा असलेल्या डब्यांचं, रुंद डोकं. हा जर गन माइकच्या मऊ टांगणीत घातला तर कागदावर बचाव वाढतो, प्रत्यक्षात माइक इतका लोंबतो की बूम झटकन वळवला की बाहेरच्या, वारा अडवणाऱ्या जाळीदार पिंजऱ्यावर आपटतो. शिवाय पुढचं डोकं जड म्हणून तो नाकावर झुकतो. अशा माइकला आधी बोटावर आडवा तोलून त्याचा तोल कुठे आहे ते बघायचं, आणि टांगणीचे दोन्ही आधार त्या जागेपासून सारख्या अंतरावर घ्यायचे. अर्ध्या मिनिटाचं काम, पण घाईत हेच राहून जातं.

माइक लवचीक आधाराने टांगण्याची कल्पना काही नवी नाही. 1920च्या दशकातले रेडिओ स्टुडिओंमधले कार्बन माइक आठवा: धातूचं गोल कडं, आणि मध्ये स्प्रिंगांनी ताणून धरलेली माइकची चकती. पुढे बोलपट आला आणि माइकला नटाच्या मागे जाणं भाग पडलं. 1929 सालच्या ‘द वाइल्ड पार्टी’च्या वेळी दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर यांनी मासेमारीच्या काठीला माइक बांधून क्लारा बोच्या डोक्यावर फिरवला, अशी हकिकत सांगतात. त्या श्रेयावर इतरांचाही दावा आहे. काही असो, माइक काठीच्या टोकाला गेला आणि काठीचा आवाज ही नवी डोकेदुखी सुरू झाली.

स्टिरिओची गोष्टही सिनेमाच्याच थिएटरात सुरू होते. ईएमआयमधले इंग्रज अभियंता अॅलन ब्लमलाइन यांना खटकलं ते हे, की नट पडद्याच्या एका बाजूला दिसतो आणि आवाज भलतीकडून येतो. डिसेंबर 1931मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ लागला होता. आपल्याकडे माइक कुठे दडवायचा आणि रेल्वेगाड्यांचा आवाज टाळायला रात्री किती वाजता चित्रीकरण करायचं हा प्रश्न होता, तिकडे ब्लमलाइन दोन माइकांमधून दिशा कशी पकडायची ते मांडत होते. दोन कॅप्स्यूल एकाच जागी, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवायचे, ही त्या पेटंटमधली कल्पना. बूमवर चढणारे आजचे बहुतेक स्टिरिओ माइक तिच्यावरच चालतात.

त्यांचे ठळक प्रकार दोन. एक्स-वायमध्ये दोन सारखे कॅप्स्यूल डावीकडे आणि उजवीकडे तिरके बघतात. एनटी4 हा त्यातला. एम-एसमध्ये एक कॅप्स्यूल सरळ समोर बघतो आणि दुसरा दोन्ही कुशींकडे. सेनहायझरचा 418एस हा त्यातला. दिसायला गन माइकच, जाडी 19 मिलिमीटर, पण आत आडवा बघणारा दुसरा कॅप्स्यूल आणि मागे पाच पिनांचा जोड. या दोन कॅप्स्यूलच्या आवाजांची बेरीज केली की डावा कान, वजाबाकी केली की उजवा. माहितीपट करणाऱ्यांना हा प्रकार आवडतो, कारण संवादापुरता समोरचा कॅप्स्यूल वापरता येतो आणि भोवतालचा आवाज नंतर हवा तितका रुंद करता येतो. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर ढोल-ताशांच्या गर्दीत दांडा उंच धरून उभं राहायचं असेल तर मीही हाच घेईन.

माउंटची खरी परीक्षा इथे लागते. पडदा त्याच्या समोरून-मागून आलेल्या हादऱ्याला सगळ्यात जास्त दाद देतो, कडेच्या हादऱ्याला कमी. साध्या गन माइकचा पडदा माइकच्या लांबीला आडवा असतो. त्यामुळे टांगणीने लांबीच्या दिशेची हालचाल नीट गिळली की काम भागतं. एम-एस माइकमधला दुसरा पडदा मात्र कुशींकडे तोंड करून बसलेला असतो. दांडा डावीउजवीकडे हलला की तो हादरा थेट त्याच्या अंगावर. त्यात या आडव्या कॅप्स्यूलची आठच्या आकड्यासारखी पकड खालच्या सुरांच्या वाऱ्याला आणि हादऱ्याला फार हळवी असते. एक्स-वायमध्ये दोन्ही पडदे तिरके, म्हणून दोन्हींना दोन्हीकडून थोडंथोडं लागतं.

एम-एसचा हा गोंधळ फसवाही असतो. कुशीच्या कॅप्स्यूलमधला ‘धब्’ एका कानात सुलटा आणि दुसऱ्या कानात उलटा जातो. हेडफोनमध्ये तो डोक्यात नेमका कुठे वाजतोय ते कळत नाही, नुसता दोन्ही कानांवर दाब आल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजू एकत्र करून ऐकलं तर तो नाहीसाच होतो. सेटवर रेकॉर्डिस्ट एकत्र आवाज ऐकत असेल तर सगळं स्वच्छ वाटतं आणि महिनाभराने मिक्सिंगला बसल्यावर डोकं धरायची पाळी येते.

गेल्या पिढीतली टांगणी रबराची. कड्याला खाचा, खाचांमधून ताणलेले रबरबँड किंवा ओ-रिंग, मध्ये माइक. स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारी, आणि सगळ्या दिशांना जवळपास सारखी मऊ. हा शेवटचा गुण स्टिरिओला उपयोगाचा आहे, म्हणून रबराला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. दोष एवढाच, की रबर ऊन, उष्णता आणि ओझोन यांनी म्हातारं होतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत पडून राहिलेलं रबर वरून ठीक दिसतं. ताणून उजेडात धरलं की बारीक आडव्या भेगा दिसतात. असं रबर सैल पडतं, आणि तुटतं ते नेमकं टेक चालू असताना.

या रबराला पर्याय आणला तो इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या स्ट्राउड गावच्या रायकोट कंपनीने. 1969 साली स्थापन झालेल्या या कंपनीचे पिंजऱ्यासारखे वारारोधक आणि त्यावरचे केसाळ बुरखे जगभरच्या सेटवर दिसतात. तिचा लायर म्हणजे हायट्रेल नावाच्या प्लास्टिकची, दुहेरी वळणाची, एकसंध पट्टी. एक पुढे, एक मागे, मध्ये माइकला धरणारी पकड. ना गाठ, ना ताण लावायची भानगड. हातात घेऊन बघा: पट्टी माइकच्या लांबीच्या दिशेला भरपूर हलते, आडवी मात्र बेताने. माइक लोंबत नाही आणि पिंजऱ्यावर आपटत नाही, ते यामुळेच. गन माइकला याहून चांगली गोष्ट मिळणं कठीण.

स्टिरिओ माइक घालताना मात्र हाच गुण तपासून घ्यावा लागतो, कारण कुशीकडे तोंड केलेल्या पडद्याला हवा असलेला मऊपणा त्याच दिशेला कमी आहे. उपाय आहे, आणि तो पट्टीवरच छापलेला असतो. लायर वेगवेगळ्या कडकपणाचे येतात, 62, 72, 82 असे शोअर मापाचे आकडे असतात, आणि आकडा मोठा तितकी पट्टी ताठ. माइकचं वजन पेलेल अशी सगळ्यात मऊ पट्टी निवडायची. ‘जड माइक आहे, ताठच देऊन टाका’ असं काउंटरवर म्हणणारा विक्रेता भेटला तर गोड बोलून मऊही मागवून घ्यावी आणि दोन्ही लावून ऐकावं.

आणखी एक बारीक पण नडणारी गोष्ट. गोल अंगाचा माइक पकडीत स्वतःभोवती फिरू शकतो. मोनो माइक फिरला तर कोणाला कळतही नाही. स्टिरिओ माइक दहा-पंधरा अंश फिरला की डावी-उजवी बाजू तिरकी होते आणि रस्त्यावरून जाणारी एसटी एका कोपऱ्यातून वर चढल्यासारखी ऐकू येते. माइकच्या पाठीवर आणि पकडीवर पांढऱ्या टेपची एकेक रेघ मारून ठेवली की नुसत्या नजरेने कळतं.

केबलबद्दल लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. उत्तम टांगणीत बसवलेल्या माइकला मागून जाड, ताठ केबल लावली की हादरा टांगणीला वळसा घालून केबलवाटे आत शिरतो. स्टिरिओच्या केबलमध्ये दोन वाहिन्या असतात, म्हणून ती मुळातच जाड. पिंजऱ्याच्या आतला तुकडा वेगळा, पातळ आणि लवचीक हवा, त्याला सैल वेटोळं हवं, आणि बाहेरची जाड केबल पिंजऱ्याच्या दांडीला घट्ट बांधलेली हवी. हा तुकडा साऱ्या जोडणीत स्वस्तातला असतो. आवाज बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा तोच निघतो.

आपल्याकडे हे सगळं इतकी वर्षं दुर्लक्षित राहिलं त्याला कारण डबिंग. 1932च्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटाच्या काळात आवाज जागच्या जागीच घ्यावा लागे. नंतर गोंगाट करणारे हलके कॅमेरे आले, बाहेरचं चित्रीकरण वाढलं, आणि सेटवरचा आवाज केवळ डबिंगच्या वेळी संदर्भाला उरला. 2001च्या ‘लगान’मध्ये रेकॉर्डिस्ट नकुल कामटे यांनी भुजजवळच्या माळरानावर सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज, घेतला, त्यानंतर वारं हळूहळू फिरलं. आता मराठीतही जागच्या जागी आवाज घेणारे तरुण रेकॉर्डिस्ट आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ध्वनीचं शिक्षण घेऊन दरवर्षी मुलंमुली बाहेर पडतात. कौशल्याची उणीव नाही. बजेट आखताना कॅमेऱ्याच्या लेन्सवर चर्चा होते आणि टांगणीवर होत नाही, ही उणीव आहे.

म्हणून भाड्याने घ्या किंवा विकत, पैसे देण्याआधी एवढं कराच. माइकचं वजन बॅटरीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा आणि माउंटची वजनमर्यादा विचारा. जोडणी पुरी करून बूमवर चढवा, खालचे सूर गाळणारा लो-कट फिल्टर बंद करा, गेन वाढवा, हेडफोन स्टिरिओवरच ठेवा. मग दांड्यावर बोटाने हलकेच टिचकी मारा, पकड बदला, दांडा लांबीच्या दिशेने आणि मग आडवा हलवा. लो-कट चालू असताना सगळेच माउंट चांगले ऐकू येतात, त्यामुळे ती चाचणी धरू नका. लांबीच्या दिशेने शांत आणि आडवा हलवल्यावर धडधडणारा माउंट मोनो माइकसाठी ठेवून द्या. स्टिरिओसाठी तो चालणार नाही, त्यावर नाव कोणाचंही असो.