चौकट : पडद्यावरचा पाठ, हाताखालचा गुडघा
हिरकणीवाडीच्या परिसरात रायगडाच्या पायऱ्या उतरून आलेल्यांचे दुखरे गुडघे नवे नाहीत, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू भार पेलत लांबत जातात आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाब वाढतो. रोपवे आहे, पण सर्वांनाच तो हवा असतो असे नाही. असा गुडघा तपासायला पडद्यावरून कितपत शिकवता येईल, हा प्रश्न 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील फिजिओथेरपी महाविद्यालयांपुढे उभा राहिला. हातांची ठेवण कशी असावी आणि गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याचे साधन, कोठे टेकवावे, हे चित्रफितीत उत्तम दिसते, शिवाय ती थांबवून पुन्हा पाहता येते, जे गर्दीच्या प्रात्यक्षिकात क्वचितच साधते. ‘एंड फील’, म्हणजे हालचालीच्या शेवटी तपासणाऱ्याच्या हाताला जाणवणारा अवरोध, मात्र पडदा देऊ शकत नाही : गुडघा पूर्ण वाकवला की पोटरी मांडीला टेकून तो मऊ लागतो, कोपर ताठ केले की हाडाला हाड भिडून कठीण. म्हणून चित्रफीत आधी घरी पाहून प्रात्यक्षिकाचा सगळा वेळ सहाध्यायांच्या सांध्यांवरील सरावाला देणारी ‘फ्लिप्ड क्लासरूम’ पद्धत येथे अधिक सयुक्तिक ठरते. विद्यार्थ्याने मोबाइलवर टिपलेले स्वतःचे तंत्र अध्यापकाला हातांची जागा दाखवते, दाबाचे प्रमाण नाही.