घड्याळ थांबते ते नाडीवर

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी ऑबर्न नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या एखाद्या माळावर शनिवारी दुपारपासून गाड्या येऊ लागतात. प्रत्येक गाडीमागे घोड्याचा ट्रेलर. घोडे उतरतात, पाणी पितात, गवतात तोंड घालतात. पशुवैद्यक एकेकाला तपासतात आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावर जाड खडूने क्रमांक लिहितात. पन्नाशी ओलांडलेल्या दोन मैत्रिणी अशाच एका तळावर आल्या होत्या. रविवारी त्यांना घोड्यावरून २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर जायचे होते. मुदत सहा तासांची, मधल्या पाऊण तासाच्या विश्रांतीसह. हिशेब केला तर ताशी साडेसात-आठ किलोमीटर. माणूस झपाझप चालला तर जेवढे जाईल त्याहून थोडे जास्त. जिंकायचा विचार दोघींच्याही मनात नव्हता. गप्पा मारत जायचे, डबा खायचा, परत यायचे.

या भागाला घोड्यांच्या लांब पल्ल्याचे जुने वेड आहे. १९५५ साली वेंडेल रॉबी याने टाहो सरोवराच्या बाजूने डोंगर ओलांडून ऑबर्नपर्यंतची १०० मैलांची वाट घोड्यावरून एका दिवसात पार करता येते, हे सोबत्यांसह करून दाखवले. तीच पुढे टेव्हिस कप म्हणून नावारूपाला आली. याच वाटेवर १९७३ मध्ये गॉर्डी एन्स्ली या स्वाराचा घोडा लंगडू लागल्याने त्याला अर्ध्यात थांबावे लागले. पुढच्या वर्षी तो घोड्याशिवायच उभा राहिला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायी धावत पोहोचला. आज जगभर धावल्या जाणाऱ्या १०० मैलांच्या शर्यतींचे मूळ तिथे आहे. वाटेत ठिकठिकाणी थांबवून तब्येत पाहायची, ही पद्धत माणसांच्या आधी तिथे घोड्यांसाठी होती.

मैत्रिणींचा पल्ला त्या मानाने लहान होता, पण या लहान पल्ल्याचा नियम मोठा शहाणपणाचा आहे. शेवटच्या रेषेवर पोहोचले म्हणून घड्याळ थांबत नाही. घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६० पर्यंत उतरले की त्या क्षणी थांबते. त्यासाठी अर्धा तास मिळतो. तेवढ्यात ठोके उतरले नाहीत तर ती रपेट पूर्ण झाली असे धरतच नाहीत. म्हणजे घोडा उधळत आणून पाच मिनिटे वाचवायची आणि मग ठोके उतरण्याची वाट पाहत वीस मिनिटे घालवायची, यात काही हशील नाही. जाणते स्वार शेवटचा मैलभर खाली उतरून घोड्याबरोबर चालत येतात.

घोड्याचे हृदय शरीराच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे चारेक किलोचे असते. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला ३० ते ४० च्या आसपास असतात आणि भरधाव पळताना ते २२० च्या वर जातात. पळायला लागले की प्लीहा आकसते आणि तिच्यात साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. विश्रांतीच्या वेळी रक्तात पेशींचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के असतो, तो ६० च्या पुढे जातो. मागणी होताच राखीव रक्त बाहेर काढण्याची अशी सोय माणसाकडे नावापुरतीच आहे.

घोड्याची अडचण वेगळीच आहे. स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेतला साधारण चौथा हिस्सा चालण्यात खर्ची पडतो, उरलेल्याची उष्णता होते. साडेचारशे किलोच्या देहातली ही उष्णता मुख्यतः घामावाटेच बाहेर पडते. कडक उन्हात घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. खोगिराच्या कडेने आणि लगामाखाली पांढरा फेस दिसतो, तो घामातल्या लॅथरिन या प्रथिनाचा. साबणासारखे काम करून हे प्रथिन घाम केसांमधून पसरवते, म्हणजे तो लवकर वाळतो आणि अंग थंड होते.

माणसाचा घाम रक्ताच्या मानाने पातळ असतो. पाणी जास्त जाते, मीठ कमी. मागे राहिलेले रक्त खारट होते, मेंदूला ते कळते आणि तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना त्याहून थोडा खारट असतो. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइडही त्याच मापाने निघून जातात. रक्त कमी होते, पण त्याची चव बदलत नाही म्हणा ना! मेंदूपर्यंत खबर उशिरा आणि अर्धवट पोहोचते. वीस-तीस लिटर पाणी गमावलेला घोडा भरल्या बादलीसमोर मान फिरवून उभा राहू शकतो, तो याच कारणाने. त्याला तहान नाही याचा अर्थ त्याला पाण्याची गरज नाही, असा होत नाही.

दोन्ही घोडे शेजारी शेजारी चालले होते. कळपाच्या प्राण्याला सोबती असला की तो शांत राहतो, बुजत नाही. पण सोबतीचा एक तोटाही आहे. पुढचा दुडक्या चालीने निघाला की मागचाही निघतो, अंगात त्राण असो वा नसो. पहिल्या १५ मैलांत चढ बरेच होते, ऊन लवकर तापले. मैत्रिणीच्या घोड्याने ओढ्यावर नुसते नाक बुडवले आणि तो पुढे निघाला. गप्पांच्या नादात ते दोघींच्याही फारसे लक्षात आले नाही.

तपासणीच्या फाटकाशी एका घोड्याचे ठोके चार मिनिटांत ६० वर आले. दुसऱ्याला अठरा मिनिटे लागली. नियमाप्रमाणे तो पास होता. मग डॉक्टरांनी पुढची परीक्षा घेतली. ठोके मोजायचे, घोड्याला दुडक्या चालीने सुमारे ३८ मीटर नेऊन परत आणायचे आणि निघाल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजायचे. ताजातवाना घोडा तेवढ्यात पूर्वीच्या आकड्यावर येतो. ठोके चाराहून जास्त वाढलेले राहिले, तर थकवा, वेदना किंवा पाण्याची कमतरता यांपैकी काहीतरी आहे असे समजतात. माणसांच्या ट्रेडमिल चाचणीतही हेच तत्त्व आहे. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या कपाळावर आठी पडते. हृदय किती वेगाने धावते यापेक्षा ते किती लवकर शांत होते, हे जास्त बोलके असते.

पहिल्या घोड्याचे ठोके ५६ आणि पुन्हा ५६. दुसऱ्याचे ६० आणि मग ६८. डॉक्टरांनी त्याची हिरडी बोटाने दाबून सोडली, तिथे लाली परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला. मानेवरच्या कातडीची चिमटीत धरलेली घडी लगेच सपाट झाली नाही. मग पोटावर चार ठिकाणी स्टेथोस्कोप लावला. घोड्याचे पोट सतत गुरगुरत असावे लागते. दोन ठिकाणी जवळजवळ काहीच ऐकू आले नाही. दीर्घ श्रमात रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळते, आतड्याच्या वाट्याला कमी येते. त्यात शरीरातले पाणीही घटले की आतडे मंदावते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात तुंबलेले वरून निघायला वाट नसते आणि पोटशूळ जिवावर बेतू शकतो. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी पाहिली. बरगड्यांमागे कूस हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उडते का? श्वासपटलाची नस हृदयाला लागूनच जाते. कॅल्शियम आणि इतर क्षार फार घटले तर ती इतकी हळवी होते की हृदयाच्या ठोक्यानेच श्वासपटलाला झटका बसतो. तसे काही नव्हते.

“तू ठरव. पण मला विचारशील तर मी त्याला इथेच थांबवीन,” डॉक्टर म्हणाले.

मैत्रिणीने खोगीर उतरवले. तिचेही डोके दुखत होते. तिच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या जवळजवळ भरलेल्याच होत्या. पाणी प्यायले की लघवीला उतरावे लागते, म्हणून प्यायचेच नाही, ही सवय प्रवासात पुष्कळ स्त्रियांना असते. दुडक्या चालीत रिकिबीवर उठबस करताना स्वाराचेही मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू तासन्‌तास राबत असतात, हलक्या धावण्याइतके श्रम होतात. पण सगळ्यांचे लक्ष घोड्याकडे. (डोक्यावर हेल्मेट मात्र दोघींच्याही होते. घोडेस्वारीतले बहुतेक जीवघेणे अपघात डोक्याला मार बसूनच होतात.)

दुसरी एकटीच पुढे निघाली. तिचा घोडा पहिले दोन मैल मागे वळून सोबत्याला हाका मारत होता. ती मुदतीत परतली आणि तीन मिनिटांत घड्याळ थांबले.

माघारी राहिलेल्या घोड्याला डॉक्टरांनी लगेच मिठाचा लेप चाटवू दिला नाही. घोडा पीत नसताना तोंडावाटे मीठ दिले की ते रक्तातलेच पाणी आतड्यात खेचून घेते आणि दुखणे वाढते. त्याच्या छातीवर, पायांच्या आतल्या बाजूला गार पाणी ओतत राहिले. ओले केलेले गवत पुढ्यात ठेवले, सावलीत हळूहळू फिरवले. तासाभराने त्याने गवत ओढले, मग बादलीत तोंड घातले आणि कान मागेपुढे करत बराच वेळ पाणी प्याला. डॉक्टरांनी दर अर्ध्या तासाने पोटावर स्टेथोस्कोप लावला. गुरगुर परतली होती, तरी ते त्याला ट्रेलरमध्ये चढवू देईनात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वॉर्डातल्या सकाळच्या फेरीत “वारा सरला का?” हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ते कशाची वाट पाहत होते हे सांगायला नको.

साडेपाचच्या सुमारास घोड्याने शेपटी उचलून लीद टाकली. दोघी मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या आणि डॉक्टरांनी कागदावर सही केली.