वेगवेगळ्या वयाची हंसपिल्लं एकत्र वाढवताना

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण कोनराड लोरेन्त्स आणि त्यांच्या हंसांबद्दल बोललो. त्यावर कोकणातल्या एका श्रोत्यांचा प्रश्न आला. त्यांच्या इन्क्युबेटरमधून पाळीव हंसांची सहा पिल्लं निघाली, आणि बारा दिवसांनी दुसऱ्या खेपेचं एकच. एकटं ठेवलं तर ते सारखं ओरडत बसतं, मोठ्यांत सोडलं तर तुडवलं जाईल अशी भीती. काय करावं? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला हे विचारावं का, असं काहींना वाटेल. पण लोरेन्त्स 1940 साली क्योनिग्सबर्गला, म्हणजे कान्टच्या गावी आणि कान्टच्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी कान्टच्या अनुभवपूर्व ज्ञानाच्या सिद्धान्तावर जीवशास्त्राच्या बाजूने निबंध लिहिला. (1938 मध्ये ते नाझी पक्षात गेले होते, हेही विसरायचं नाही.) तेव्हा हंसांचा प्रश्न आम्हाला अगदीच परका नाही.

आधी शब्दाचं बघू. इथे हंस म्हणजे चित्रातला, उंच वळणदार मानेचा स्वान नव्हे. इंग्रजीत ज्याला गूस म्हणतात तो. गंमत म्हणजे जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूस' आणि आपला 'हंस' ही एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत.

आता मुद्दा. निसर्गात हा प्रश्न सहसा उभाच राहत नाही. हंसीण एकेक दिवसाआड अंडी घालते, पण नीट उबवायला बसते ती शेवटची अंडी घालून झाल्यावर. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं अंडं घालण्यात आठवडाभराचं अंतर असलं, तरी सुमारे 28 दिवसांनी पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर येतात. एका घरट्यातली भावंडं म्हणजे समवयस्क भावंडं. बारा दिवसांचं अंतर ही इन्क्युबेटरची, म्हणजे आपली करणी.

बारा दिवस म्हणजे किती, हे मात्र आपल्या बाळांच्या मापाने मोजू नका. अंड्यातून निघालेलं पाळीव हंसाचं पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं. नीट खायला मिळालं तर तीन आठवड्यांत ते एक-दीड किलोचं होतं. तेव्हा मोठं पिल्लू काही वाईट हेतूने लहानाला मारत नाही. ते नुसतं त्याच्यावर बसतं. रात्री दिव्याखाली सगळी एकमेकांना चिकटतात, आणि सकाळी तळाचं पिल्लू मेलेलं सापडतं. चोच मारणंही असतंच. पिल्लं पहिल्या काही दिवसांतच आपसात धरपकड करून मानाची उतरंड ठरवून टाकतात. ती ठरल्यावर आलेला सातवा पाहुणा कुठे बसणार?

लोरेन्त्स यांनी दाखवलेली गोष्ट इथे कामाला येते. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू जे हलतं, जे प्रतिसाद देतं, त्याला आपलं मानतं आणि त्याच्या मागे लागतं. त्यांची मार्टिना नावाची हंसीण अशीच त्यांच्या मागे लागली. पाळीव हंसिणीच्या पंखाखाली ठेवलं तरी रडत परत आली. आता आपलं एक दिवसाचं पिल्लू बारा दिवसांच्यांना पाहील तेव्हा त्यांनाच आपले मानेल. पण त्या सहांचा तो काळ कधीच सरला. त्यांचे 'आपले' ठरून गेले आहेत. म्हणजे नातं एकाच बाजूने आहे बघा. लहान जवळ जाणार, मोठे त्याला जवळ घेतीलच असं नाही. 'एकत्र' हा शब्द आपण फार सहज वापरतो. तो दोन्ही बाजूंनी एकसारखा खरा असतोच असं नाही.

म्हणून उपाय मधला. एकटं ठेवायचं नाही, मोकळंही सोडायचं नाही. एकाच खोलीत, मध्ये बारीक जाळी. पिल्लाची मान अडकणार नाही इतकी बारीक. एकमेकांना दिसतात, ऐकू येतात, जाळीला टेकून झोपताही येतं. अंगावर मात्र कोणी चढत नाही. जमलं तर त्याच वयाचं आणखी एखादं पिल्लू मिळवा, हे सर्वांत उत्तम.

जाळीचा दुसरा फायदा उबेचा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण 32 अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तेच तापमान मोठ्यांना नकोसं होतं. कोकणातल्या उन्हाळ्यात दुपारी दिव्याची गरजही पडणार नाही, रात्री पडेल. आकडे बघण्यापेक्षा पिल्लं बघा: दिव्याखाली गठ्ठा करत असतील तर थंडी वाजते, लांब पळून चोच उघडी ठेवत असतील तर उकडतंय.

पाण्याने अनेकांची फसगत होते. हंस पाण्यातला पक्षी, मग भिजला तर काय झालं? मोठी पिल्लं भांड्यात मान घालून सगळीकडे पाणी उडवतात, गादी चिंब होते, आणि ब्रूडरमधलं लहान पिल्लू भिजून गारठतं. त्याला नाकपुड्या बुडतील एवढंच पाणी, पसरट भांड्यात खडे टाकून. खाली भाताचं तूस चालेल. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात.

खाद्यही वेगळं. लहानाला सुमारे 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर, तीन आठवड्यांनंतर त्याहून कमी आणि गवत जास्त. मोठ्यांना स्टार्टरच देत राहिलात तर पंखांचं टोक बाहेर वळण्याचा धोका वाढतो. कोंबडीचं खाद्य देत असाल तर नायसिन कमी पडून पाय अधू होतात. ब्रूअर्स यीस्ट मिसळा.

आणि रोग. मोठं पिल्लू धडधाकट दिसत असूनही जंतू बाळगून असू शकतं. हंसांचा पार्व्होव्हायरस पहिल्या महिन्यातल्या पिल्लांना फार घातक, थोराला तेवढा नाही. म्हणून रोजचं काम आधी लहानाचं, मग मोठ्यांचं. उलट क्रमाने केलंत तर तुमच्याच चपलांवरून घाण लहानापर्यंत जाते.

मग एकत्र कधी? दोन-चार दिवसांचाच फरक असता आणि आकार सारखे असते, तर आम्ही म्हटलं असतं, सोडा आणि दिवसभर नजर ठेवा. इथे लहान तीन-चार आठवड्यांचं होऊ द्या. मग दिवसा, मोकळ्या गवतावर, जी जागा मोठ्यांना 'आपली' वाटत नाही अशा ठिकाणी सगळ्यांना सोडा. दाण्याची भांडी दोन-तीन, लांब लांब. थोडी चोचाचोची होईल, होऊ द्या. लहान कोपऱ्यात दबून खायचंच थांबलं, तर जाळी परत. दिवसाची ओळख आठवडाभर निभावली की मगच रात्रीची जागा एक करा.