चिपीच्या सड्यावरची पंचवीस मिनिटं

यवतमाळ शहराजवळ भारी गावाला धावपट्टी आहे. एमआयडीसीने ती नव्वदच्या दशकात बांधली, पुढे तिला जवाहरलाल दर्डा यांचं नाव मिळालं. तिकीट काढून रोज बसता येईल असं विमान मात्र तिथे नाही. आमच्या जिल्ह्यात आकाशाला एकच हंगाम असतो, निवडणुकीचा. २०२४ च्या नोव्हेंबरात वणीच्या हेलिपॅडवर उद्धव ठाकरे यांची बॅग तपासली गेली आणि ती चित्रफीत राज्यभर फिरली. मतदान आटोपलं, हेलिकॉप्टरं गेली, आणि जिल्हा पुन्हा एसटी स्टँडवर येऊन उभा राहिला.

याच ठाकरेंनी मुख्यमंत्री असताना, ९ ऑक्टोबर २०२१ ला, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका धावपट्टीचं उद्घाटन केलं होतं. ती चिपीची. वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याजवळ जांभ्या दगडाचा उघडा सडा आहे, त्यावर सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विमानतळ उभा आहे. भारी आणि चिपी ही खरं तर एकाच घरची भावंडं. २००९ च्या सुमारास एमआयडीसीने चिपीचं काम आयआरबी कंपनीकडे दिलं. त्याच सुमारास यवतमाळ, नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद या पाच धावपट्ट्या रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेल्या. एका भावंडाच्या दारात तारकर्ली, भोगवे आणि मालवण आलं, दुसऱ्याच्या दारात कापूस. त्यातून पुढे काय झालं, हे पाहण्यासारखं आहे.

चिपीला घाई कधीच नव्हती. १२ सप्टेंबर २०१८ ला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, एक छोटं विमान चाचणीसाठी तिथे उतरलं आणि त्यातून गणपतीची मूर्ती आली. कोकणात कशाचाही श्रीगणेशा याहून नीट करता येणार नाही. पण मूर्ती आली तरी प्रवासी यायला आणखी तीन वर्षं गेली. मधल्या काळात, मार्च २०१९ मध्ये, टर्मिनलचंही एक उद्घाटन उरकून झालं होतं. २०२१ च्या समारंभात व्यासपीठावर ठाकरे आणि नारायण राणे शेजारी आले. दुसऱ्या दिवशी लोक विमानापेक्षा त्यांच्या टोमण्यांविषयीच जास्त बोलत होते.

पहिलं विमान अलायन्स एअरचं, एटीआर ७२-६०० जातीचं, सत्तर आसनांचं. मुंबईहून साडेअकराच्या पुढे निघायचं, एकच्या सुमारास चिपीला टेकायचं आणि पंचवीस मिनिटांत परत उडायचं. अडीच किलोमीटरची धावपट्टी, गर्दीच्या तासाला चारशे माणसं सामावून घेणारं टर्मिनल, कंट्रोल टॉवर, अग्निशमन बंब, सुरक्षा दल, एवढा सगळा संसार त्या पंचवीस मिनिटांसाठी मांडलेला.

ती पंचवीस मिनिटं जवळून पाहावीत अशी असतात. एटीआरला शिडी लावावी लागत नाही. मागचा दरवाजा खाली उघडतो आणि त्याच्याच पायऱ्या होतात. माणसं मागून उतरतात, सामान पुढच्या दारातून निघतं. या विमानाला शेपटीत वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून वैमानिक उजवं इंजिन चालूच ठेवतो, पण त्याच्या पंख्याला ब्रेक लावतो. इंजिन घुमतंय आणि पाती स्तब्ध, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. तेवढ्यात उतरलेले टर्मिनलमध्ये जातात, जाणारे रांगेने चालत येतात. बंबावरची माणसं चाकं टेकण्याआधीपासून तयारीत असतात आणि विमान दिसेनासं होईपर्यंत जागा सोडत नाहीत. दिवसाला एक विमान असो की दहा, बंब तेवढाच लागतो. छोट्या विमानतळाचा जमाखर्च इथेच बिघडतो.

हा खड्डा भरण्यासाठीच उडान योजना होती. तिची पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ ला झाली. सिमला-दिल्लीबरोबर त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद हे विमानही सुरू झालं. योजनेत ठरावीक आसनांचं भाडं बांधलेलं. चिपीला ते अडीच हजारांच्या आसपास होतं. कंपनीला येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देणार, आणि तोवर मार्ग आपल्या पायावर उभा राहील, अशी कल्पना. चिपीची तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये भरली आणि त्याच महिन्यात अलायन्सचं मुंबई विमान थांबलं. टेकू काढला आणि मांडव बसला. एव्हाना गोव्याची फ्लाय९१ ही नवी कंपनी आली होती. तिची तशीच एटीआर विमानं चिपीला पुणे, बंगळुरू, हैदराबाद या शहरांशी जोडू लागली. पण कोकणच्या माणसाला हवी असते ती मुंबई.

आणि मुंबई हवी असते तीही गणपतीत. चिपीची खरी पंचाईत हीच आहे. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मेच्या अखेरीस समुद्र खवळतो, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या आणि तारकर्लीची स्कूबा बंद होते, ती सप्टेंबरपर्यंत. मग पर्यटक कशाला येईल? त्याच काळात चाकरमानी मात्र घराकडे धावतो. म्हणजे जागा सर्वांत जास्त हव्या असतात तेव्हाच सड्यावर ढग उतरतात. यंत्रांच्या आधारे उतरण्याची सोय नसली की वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. दिसली नाही तर विमान माघारी जातं किंवा निघतच नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ज्याचं विमान रद्द झालं, तो पुढच्या वर्षी दोन महिने आधी कोकण रेल्वेचंच आरक्षण करतो. त्याला दोष कोण देणार?

त्यात जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ चालू झाला. मनोहर पर्रीकरांचं नाव असलेला हा विमानतळ पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गाच्या अगदी वेशीवर आहे. तिथे मोठी जेट विमानं दिवसभर उतरतात. सावंतवाडीच्या माणसाने चिपीच्या एका विमानाची वाट का पाहावी? हे आम्हा यवतमाळकरांना कुणी समजावून सांगायला नको. आमचं मोपा म्हणजे नागपूर. रस्त्याने दीडशे किलोमीटर, गाडीने तीन तासांच्या आत. आता अमरावतीच्या बेलोऱ्यावरूनही १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान उडतं, तेही अलायन्सचंच, तीच एटीआर. भारीहून बेलोऱ्याला जायला दोन तासही लागत नाहीत.

म्हणून यवतमाळला विमानसेवा हवी अशी निवेदनं वाचली की मी आधी नांदेडचा विचार करतो. त्याच पाचांतली ती धावपट्टी. तिथलीही विमानं कधी बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पण हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे दूरदूरचा भाविक बाराही महिने नांदेडला येतो. चिपीकडे आठ महिन्यांचा समुद्र आहे. भारीकडे काय आहे? शेतकऱ्याला मुंबईची घाई नाही आणि ज्याला घाई आहे त्याच्याकडे गाडी आहे. माझ्या मते भारीची धावपट्टी वैमानिक प्रशिक्षणासाठी आणि रुग्ण तातडीने हलवण्यासाठी राखावी. प्रवासी विमानाचा हट्ट धरून मतांपुरती एक फेरी पदरात पडेल, त्यापुढे नाही.

राहता राहिला प्रश्न, इथल्या कुटुंबाला मे महिन्यात तारकर्लीला जायचं असेल तर? आधी बडनेरा गाठायचं. तिथून नागपूर-मडगाव गाडी पकडायची, आठवड्यातून दोनदा धावणारी. डबा, पाणी, चादर बरोबर घ्यायची, कारण जवळपास एक दिवस त्यातच जातो. कुडाळला उतरायचं. मालवणला जाताना हौस असेल आणि विमानाची वेळ जुळत असेल, तर रिक्षा परुळ्याकडे वळवून पोरांना चिपीची विमानं कुंपणाबाहेरून दाखवता येतात.