घूलचे रूपांतर : चकव्यापासून शवभक्षकापर्यंत

लोकसाहित्यातील एखादी संज्ञा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा तिच्यासोबत तिचा आशयही जातोच असे नाही. पुष्कळदा नाव टिकते, आशय पालटतो आणि कालांतराने पालटलेला आशयच मूळचा म्हणून प्रमाण मानला जातो. ‘घूल’ ही अरबी संज्ञा या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय. खेळाडूंनी कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील घूल हा ‘अनडेड’, म्हणजे मरूनही न निमालेला, प्रेतांवर उपजीविका करणारा मांसभक्षक जीव आहे. अरबी परंपरेतील घूल मात्र मृत नव्हे. या दोन प्रतिमांमधील अंतर कसे पडले, हे पाहणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

अरबी ‘घूल’ हा शब्द झडप घालणे, पकडून नष्ट करणे या अर्थाच्या धातूशी संबंधित आहे. इस्लामपूर्व काळातील तअब्बत शर्रन या कवीच्या नावावरील काव्यात घूलशी झालेल्या झुंजीचे वर्णन आढळते. अल्-जाहिझ, अल्-मसूदी यांसारख्या नवव्या-दहाव्या शतकांतील ग्रंथकारांनी तिच्याविषयीच्या समजुती नोंदवल्या आहेत. घूल ही बहुधा स्त्रीरूप असते. ती निर्जन वाळवंटात राहते, नाना रूपे घेते आणि प्रवाशाला वाट चुकवून त्याचा घास घेते. तिचे गाढवाचे खूर मात्र कोणत्याही रूपात लपत नाहीत. एका घावात ती मरते, पण दुसरा घाव घातल्यास पुन्हा जिवंत होते, अशीही समजूत होती. थोडक्यात, ती जिन्नांच्या जातीची सजीव शक्ती आहे आणि फसवणूक हे तिचे मुख्य लक्षण आहे. फारसी व उर्दू साहित्यातील ‘ग़ूल-ए-बयाबानी’ या शब्दप्रयोगात हाच आशय टिकून राहिला. मराठी लोकसमजुतीत तिच्या सर्वांत जवळचा ठरेल तो वाटसरूला रानात भरकटवणारा चकवा.

पाश्चात्त्य वळण मिळाले ते अनुवादाच्या वाटेने. आंत्वान गालाँ यांनी १७०४ ते १७१७ या काळात ‘अरबी रात्रीं’चा फ्रेंच अवतार सिद्ध केला. त्यातील सिदी नूमानच्या कथेत अमीना ही नववधू जेवताना भाताची शिते एकेक करून उचलते आणि रात्री स्मशानात जाऊन घूलच्या संगतीने प्रेत खाते. गालाँच्या या उत्तरभागातील बऱ्याच कथा हन्ना दियाब या अलेप्पोच्या कथाकाराकडून त्यांना १७०९ मध्ये पॅरिसमध्ये तोंडी मिळाल्या होत्या. थडगी उकरून प्रेते खाण्याचे लक्षण अरबी परंपरेतले नसून गालाँच्या ग्रंथामुळे घूलला चिकटले, असे प्रतिपादन अहमद अल्-रावी यांनी २००९ मध्ये केले. विल्यम बेकफर्ड यांची मूळ फ्रेंचमध्ये लिहिलेली ‘व्हॅथेक’ ही कादंबरी १७८६ मध्ये इंग्रजीत आली आणि हा शब्द इंग्रजी वाचकांच्या परिचयाचा झाला. वाळवंट मागे पडले. स्मशान पुढे आले.

विसाव्या शतकात एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या ‘पिकमन्स मॉडेल’ (१९२७) या कथेत घूल बोस्टन शहराच्या पोटातील भुयारांत वावरतात. ते कुत्र्यासारख्या तोंडाचे, प्रेतभक्षक, पण जिवंत आहेत. मनुष्य घूल होऊ शकतो ही कल्पना येथे ठळक होते. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या चित्रपटात उठून चालणाऱ्या व माणसे खाणाऱ्या मृतांना ‘घूल’ असेच संबोधले आहे. ‘झॉम्बी’ हे नाव त्यांना नंतर मिळाले. अशा रीतीने शवभक्षण आणि मृतत्व ही दोन लक्षणे एकत्र आली.

खेळाने या लक्षणांना नियमाचे रूप दिले. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धक्रीडेच्या पुस्तिकेत घूल हे ‘वाइट’ या दुसऱ्या भयजीवाच्या नोंदीतच कंसात आले होते. स्पर्शाने शत्रूला लुळे करण्याचे सामर्थ्य त्यांना त्या शेजारातून लाभले. १९७४ च्या गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या : घूलच्या स्पर्शाने एल्फ जमातीचे लोक लुळे पडत नाहीत, आणि घूलच्या हातून मेलेला मनुष्य स्वतः घूल होतो. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘घास्ट’ हा दुर्गंधीयुक्त, अधिक बलिष्ठ प्रकार आला. त्याच्यापुढे एल्फांचेही संरक्षण चालत नाही. २००३ मधील ३.५ आवृत्तीत संक्रमणाला ‘घूल-ज्वर’ या रोगाचे रूप मिळाले.

यातील एल्फांचा अपवाद विशेष लक्षणीय आहे. १९७४ च्या नियमांत त्याचे कोणतेही कारण दिलेले नाही. २०१४ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये मात्र त्यामागे एक आख्यान उभे राहिलेले दिसते. डोरेसेन नावाच्या एल्फाने ऑर्कस या राक्षसाधिपतीच्या भक्तीपायी स्वजनांचे मांस खाल्ले आणि तो पहिला घूल झाला. पुढे यीनोगूने त्याचे राज्य हिरावले, तेव्हा त्याने एल्फांच्या देवांची करुणा भाकली. त्यांनी दया येऊन त्याला सोडवले. तेव्हापासून एल्फ घूलच्या स्पर्शापासून सुरक्षित झाले. आधी विधी आणि मग त्याचे समर्थन करणारी कथा, हा क्रम मिथ्यकथांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. येथे मात्र तो छापील व दिनांकित आवृत्त्यांतून टप्प्याटप्प्याने पडताळता येतो. मौखिक परंपरेत ही सोय क्वचितच लाभते.

भारतीय परंपरेशी तुलना करताना सावधगिरी आवश्यक ठरते. ‘पिशाच’ शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती ‘पिशित’ म्हणजे मांस या शब्दाशी जोडली जाते. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’ नाटकाच्या पाचव्या अंकात स्मशानात नरमांस विकावयास निघालेला माधव आणि प्रेतावर तुटून पडलेले पिशाच रंगवले आहे. त्यातील एक श्लोक मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून घेतला. वेताळ हा प्रेतात शिरतो, पण तो कूट प्रश्न घालणारा ज्ञाता आहे. गोवा-कोकणात तर तो ग्रामदैवत म्हणून पुजला जातो. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये त्याला ‘व्हँपायर’ म्हटले. १९७७ च्या त्याच ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये भारतीय ‘राक्षस’ही वाघाच्या मुखाने चितारलेला आहे. गालाँने घूलचे जे केले, त्याहून हे फारसे निराळे नाही.

येथे प्रश्न केवळ भयजीवांच्या वर्गवारीचा नाही. वाटेवरील परक्याविषयीचे भय जिच्यात साकार झाले होते ती अरबी घूल युरोपात मृतदेहाविषयीच्या भयाची वाहक झाली. खेळात तर ती आपल्यातूनच कोणीही होऊ शकेल अशा अतृप्त भुकेचे रूप ठरली. म्हणून मराठी अनुवादकाला एकच प्रतिशब्द सर्वत्र चालवता येणार नाही. तअब्बत शर्रनची घूल ‘पिशाच’ म्हणून मराठीत आणल्यास तिची फसवी वाट हरवते. गायगॅक्सचा घूल ‘चकवा’ ठरवल्यास त्याची भूक आणि संक्रमण नाहीसे होते. कोणत्या काळातील, कोणत्या हातून आलेली घूल समोर आहे, हे ठरवल्यावरच शब्दाची निवड करणे इष्ट होय. तसे न केल्यास फ्रेंच अनुवादाने घडवलेली प्रतिमाच अरबी परंपरेच्या नावावर मराठीतही रूढ होईल.